ऑल्ट सोडू नका

दोन फायली उघड्या आहेत. एकीत बघायचं, दुसरीत लिहायचं. हात माउसकडे जातो, बाण खालच्या पट्टीवर जातो, नेमकं चिन्ह शोधून क्लिक होतं, हात पुन्हा कीबोर्डवर येतो, आणि तोवर बघितलेल्या सहा आकड्यांपैकी चारच डोक्यात उरलेले असतात. मग उरलेल्या दोनांसाठी पुन्हा तीच वारी. विंडोजमध्ये कीबोर्डवरची ऑल्ट आणि टॅब ही बटणं मिळून एका विंडोतून दुसरीत नेतात. या ऑल्ट-टॅबनं वेळ वाचतो असं सांगतात, पण त्याची खरी कमाई म्हणजे हे न सांडलेले आकडे.

ऑल्ट-टॅब माहीत सगळ्यांना असतं, पण पुष्कळांना अर्धंच. दोन्ही बटणं एकदम दाबायची, एकदम सोडायची, एवढंच ते अर्धं. त्यानं मागच्या विंडोत जाता येतं, पुन्हा केलं की परत येता येतं. तिसऱ्या विंडोत जायची वेळ आली की मात्र पंचाईत. खटखट, खटखट, कितीही वेळा करा, आपण त्याच दोघींमध्ये येरझाऱ्या घालत असतो. शेवटी ‘हे बरोबर चालत नाही’ म्हणून माउस धरला जातो.

चालतं की! फक्त ऑल्ट सोडायचं नाही. डाव्या अंगठ्यानं ते दाबून धरायचं आणि टॅब हवं तितक्या वेळा दाबायचं. पडद्यावर उघड्या विंडोंची छोटी चित्रं मांडली जातात आणि प्रत्येक टॅबबरोबर चौकट एकेक घर पुढे सरकते. ऑल्टवरचा अंगठा उचलला की निवड पक्की. टॅब नुसतं सरकवण्याचं काम करतं. हे एकदा बोटांना कळलं की घाई संपते, कारण ऑल्ट धरलेलं असेपर्यंत काहीच घडलेलं नसतं. घर चुकून पुढे गेलं तर शिफ्ट धरून टॅब दाबा, चौकट मागे येते. बाणांची बटणंही चालतात. आठदहा चित्रं दोन ओळींत मांडलेली असली की खालचा बाण टॅबच्या चारपाच टिचक्या वाचवतो. कुठेच जायचं नसेल तर ऑल्ट न सोडता एस्केप. विंडोज १० आणि ११ मध्ये चौकट एखाद्या चित्रावर असताना डिलीट दाबलं तर ती विंडो तिथल्या तिथे बंद होते. दिवसअखेरीचा पसारा आवरायला याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. सेव्ह न केलेली फाइल असेल तर बहुतेक प्रोग्रॅम विचारतात, म्हणून फार भीती नको.

आता ती चित्रं कुठल्या क्रमानं येतात ते पाहा, कारण सगळी गंमत तिथे आहे. नावाप्रमाणे नाही, उघडल्याच्या वेळेप्रमाणेही नाही. टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यासारखा हा हिशेब आहे: जो कागद शेवटी हाताळला तो सगळ्यात वर. पहिलं चित्र आपण आत्ता आहोत त्या विंडोचं, दुसरं तिच्या आधी होतो तिचं, तिसरं त्याही आधीचं. पहिली टिचकी थेट दुसऱ्या चित्रावर पडते, म्हणून झटकन दाबून सोडलं की आपण ‘मघाशी होतो तिथे’ जातो. इतकं झटकन, की चित्रांची मांडणी दिसतसुद्धा नाही. दोन विंडोंमधल्या कामासाठी याहून चांगली युक्ती सुचणं कठीण. तीन विंडोंनाही ती पुरते. तीन फायली पाळीपाळीनं वापरायच्या असतील तर प्रत्येक वेळी ऑल्ट धरून दोनदा टॅब दाबा. तिन्ही आळीपाळीनं समोर येत राहतात.

चारपाचाच्या पुढे मात्र ही रांग दगा देते. ती बिघडत नाही, पण दर उडीनंतर बदलते. मघाशी चौथ्या जागी असलेला ईमेल आता दुसऱ्या जागी असतो, मग तिसऱ्या. बोटांना सवय लागेल अशी कुठलीच जागा पक्की नसते, म्हणून दर वेळी डोळ्यांनी शोधावं लागतं. पंधरा विंडो उघड्या ठेवून नुसत्या ऑल्ट-टॅबवर भागवणारा माणूस दिसला की त्याला विंडोजच्या बटणाबरोबर १ दाबायला सांगावंसं वाटतं.

खालच्या टास्कबारवर प्रोग्रॅमची चिन्हं असतात, त्यांना डावीकडून १ ते ९ क्रमांक आहेत आणि दहाव्याला ०. विंडोज-१ म्हणजे पहिलं चिन्ह, विंडोज-२ म्हणजे दुसरं. प्रोग्रॅम उघडा असेल तर समोर येतो, नसेल तर सुरू होतो. रोज लागणारी चार चिन्हं टास्कबारवर पिन करा, म्हणजे कायमची बसवा, माउसनं ओढून ठरावीक क्रमानं लावा आणि मग तो क्रम बदलू नका. ब्राउझर पहिला, ईमेल दुसरा, असं आठवडाभर टिकलं की बोट आपोआप जातं. त्याच प्रोग्रॅमच्या तीन विंडो उघड्या असतील तर विंडोजचं बटण धरून आकडा पुन्हा पुन्हा दाबा, त्या एकामागून एक मिळतात. त्यांतली शेवटी वापरलेली थेट हवी असेल तर सोबत कंट्रोलही धरा.

रांगेत चित्रंच भलती जास्त दिसू लागली, तर दोष ब्राउझरच्या टॅबांचा असू शकतो. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून एज ब्राउझरचे अलीकडचे टॅब ऑल्ट-टॅबच्या रांगेत स्वतंत्र विंडो असल्यासारखे घुसू लागले. कुणाला ही सोय वाटते. रांगेची सगळी मजा ती आखूड असण्यात असल्यामुळे आमच्या मते ही अडचण आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग असं जाऊन ते टॅब दाखवणं बंद करता येतं. टॅबांसाठी ब्राउझरच्या आत कंट्रोल-टॅब आहेच. मात्र क्रोममध्ये तो वापराच्या क्रमानं चालत नाही, मांडलेल्या क्रमानं उजवीकडे सरकतो. ऑल्ट-टॅबची सवय असलेला इथे हमखास चकतो. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये वापराचा क्रम निवडता येतो. कंट्रोल-१ ते कंट्रोल-८ म्हणजे त्या त्या जागेवरचा टॅब, पण कंट्रोल-९ म्हणजे नववा नव्हे, शेवटचा. टॅब वीस असोत की चाळीस.

उलट, एखादी विंडो रांगेत दिसतच नसेल तर ती दुसऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, म्हणजे त्याच संगणकावरच्या दुसऱ्या वेगळ्या पडद्यावर, असण्याची शक्यता मोठी. विंडोज-कंट्रोल-डी हे तीन बटणांचं दाबणं चुकून झालं तरी नवा कोरा डेस्कटॉप उघडतो, आणि सगळं काम उडालं असं वाटून माणूस घाबरतो. काही उडालेलं नसतं. मूळ सेटिंगप्रमाणे ऑल्ट-टॅब फक्त चालू डेस्कटॉपवरच्या विंडो दाखवतं, इतकंच. विंडोज-टॅब दाबलं की सगळे डेस्कटॉप दिसतात. विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.

बोटांच्या चुका ठरलेल्या आहेत. ऑल्ट दाबलं आणि टॅब न दाबता सोडलं, तर वर्ड-एक्सेलमध्ये वरच्या पट्टीवर छोटी अक्षरं उमटतात आणि पुढे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर आज्ञा म्हणून घेतलं जातं. एस्केप दाबून आधी बाहेर यावं. संगणकावर दोन भाषांचे कीबोर्ड असतील तर मागे जाण्यासाठी ऑल्ट-शिफ्ट धरायचं आणि मन बदलून तसंच सोडायचं, यानं भाषाच बदलते; पुढचं वाक्य भलत्याच लिपीत उमटल्यावर ते कळतं. काही कीबोर्ड मांडण्यांत उजवं ऑल्ट हे कंट्रोल आणि ऑल्ट मिळून असल्यासारखं वागतं. त्याच्याबरोबर टॅब दाबलं की चित्रं बटणं सोडल्यावरही पडद्यावर ठाण मांडून बसतात. कंट्रोल-ऑल्ट-टॅबचं कामच ते आहे: बटणं सोडा, बाणांनी सावकाश निवडा, एंटर दाबा. एका हातानं काम करणाऱ्याला किंवा बटण धरून ठेवणं जड जाणाऱ्याला हा मार्ग आधी दाखवावा.

मॅकवर कमांड-टॅब आहे, पण तो विंडो बदलत नाही, प्रोग्रॅम बदलतो. एकाच प्रोग्रॅमच्या दोन फायलींमध्ये जायला कमांड आणि टॅबच्या वरचं, म्हणजे १ च्या डावीकडचं बटण. (हे अमेरिकी मांडणीत. इतर मांडण्यांत ते चिन्ह दुसरीकडे असू शकतं. मग कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये जाऊन सोयीचं बटण नेमून घ्यावं.) मिनिमाइझ केलेली विंडो कमांड-टॅबनं वर येत नाही, ही मॅकवर नव्यानं आलेल्यांची नेहमीची तक्रार. उपाय बोटांच्या कसरतीचा आहे: प्रोग्रॅमवर थांबा, कमांड धरलेलं असतानाच ऑप्शन दाबा, आणि मग आधी कमांड सोडा. त्यापेक्षा मिनिमाइझ न करता कमांड-एचनं प्रोग्रॅम लपवण्याची सवय बरी. आणि टॅबच्या अगदी शेजारी क्यू आहे. बोट जरा घसरलं तर प्रोग्रॅम बदलण्याऐवजी बंदच होतो. हे बटण तिथे असण्याला इलाज नाही, पण क्रोमच्या मेन्यूत बंद होण्याआधी इशारा देण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी.

लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्येही विंडो आणि प्रोग्रॅम हा मॅकसारखाच भेद आहे. तिथे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘स्विच विंडोज’ला ऑल्ट-टॅब नेमून दिलं की पाच मिनिटांत प्रश्न मिटतो.

कधी कधी विंडो रांगेत दिसते, निवडलीही जाते, आणि तरी पडद्यावर येत नाही. दुसरा मॉनिटर काढल्यावर हे घडतं: विंडो जिथे होती तिथेच आहे, ती जागाच आता उरलेली नाही. ऑल्ट-टॅबनं तिच्यावर जा, विंडोज-शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबून पाहा. तेवढ्यानं न जमल्यास ऑल्ट-स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण. यानंतर माउस हलवला की विंडो माउसच्या बाणाला चिकटून आत येते. क्लिक केलं की तिथे स्थिरावते.

दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपनं काम करताना तर दोन रांगा असतात, एक इकडची, एक तिकडची. मूळ सेटिंगप्रमाणे पूर्ण पडदा व्यापला असेल तर ऑल्ट-टॅब तिकडे पोचतं. लहान चौकटीत असेल तर इकडेच राहतं. लहान चौकटीतून तिकडची रांग फिरवायला ऑल्ट-पेजअप वापरावं, उलट दिशेला ऑल्ट-पेजडाउन.