ब्रह्मकमळाला हवं होतं सकाळचं दोन तासांचं ऊन

कुंडी खिडकीच्या आतून बाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवायची होती. अंतर जेमतेम दोन फूट, आणि तेवढ्यासाठी मला पाच महिने लागले. यंदा त्याच ग्रिलमध्ये ब्रह्मकमळाला सात कळ्या आहेत, तरी माझा राग गेलेला नाही. म्हणून हे लिहून काढते आहे. कुणाचं ब्रह्मकमळ नुसतं वाढत असेल आणि फुलत नसेल, तर त्यांना यातलं काही कामाला येईल.

रोप आईकडचं, साताऱ्याचं. परसातल्या आंब्याखाली ते वर्षानुवर्षं आहे आणि श्रावणात एकेका रात्री दहा-बारा फुलं देतं. 2021च्या दिवाळीत एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून पुण्याला आणलं. ते सहज रुजलं.

चुकलं ते जागेत. हॉलमध्ये टीव्हीशेजारी कुंडी छान दिसायची, म्हणून वर्षभर तिथेच ठेवली. नवे कोंब आले ते गोल, काठीसारखे बारीक आणि छताला भिडतील इतके लांब. मला वाटलं, काय जोमाने वाढतंय! नर्सरीतून शेणखत आणलं, हाडांचा चुरा आणला, सगळं घातलं. शेवटी आईनेच फोटो बघून सांगितलं, "अगं, ते वाढत नाहीये, उजेड शोधतंय."

आपण ज्याला पान म्हणतो ती या झाडाची चपटी फांदी असते आणि कळी तिच्या कडेच्या खाचेतून फुटते. त्या काठ्यांवर मला एकही कळी कधी दिसली नाही. हे झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, तिथे मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. (हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते निराळंच.) म्हणजे याला लागतो पानांतून झिरपणारा भरपूर उजेड. आईच्या आंब्याखाली तो आपोआप मिळत होता.

मग मी दुसरं टोक गाठलं. 2023च्या एप्रिलमध्ये कुंडी थेट पश्चिमेच्या बाल्कनीत नेली. आठवड्यात पानं पिवळी पडली, मग तपकिरी चट्टे उठले. ते चट्टे भरून येत नाहीत, आजही तसेच आहेत.

तेव्हा फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप घेतलं. त्याचे आकडे अगदी नेमके नसतात, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतात. टीव्हीशेजारी दीडशे लक्स. बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीत, काच आणि डासांच्या जाळीच्या आत, दोन हजारांच्या आसपास. बाल्कनीत एप्रिलच्या दुपारी तीनला ऐंशी हजारांच्या वर. आणि पूर्वेच्या खिडकीबाहेर, ग्रिलमध्ये, सकाळी आठला वीस-पंचवीस हजार. आपल्या डोळ्यांना हॉल आणि खिडकी यांत फारसा फरक वाटत नाही, कारण अंधारात बाहुली मोठी होऊन डोळा सांभाळून घेतो. झाडाला ती सोय नाही. ॲप नको असेल तर कुंडीच्या जागी हात धरा. सावलीची कड रेखीव असेल तर ऊन कडक, धूसर असेल तर ब्रह्मकमळाला चालेल, सावलीच पडत नसेल तर कुंडी हलवा.

जागा सापडली होती. ग्रिलमध्ये साडेसात ते साडेनऊ कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर मोकळा उजेड. पण आमच्या सोसायटीत ग्रिलमध्ये काही ठेवायला लेखी परवानगी लागते. मागे एका विंगमधून कुंडी खाली पडली होती, तेव्हापासून हा नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या मजल्यावरून कुंडी पडली तर माणूस जाईल. तक्रार आहे ती पुढच्या पाच महिन्यांबद्दल.

12 जूनला अर्ज दिला. आठवड्याने कळलं की साधा अर्ज चालत नाही, 'बाहेरील बदला'चा फॉर्म हवा. तो फॉर्म एसीसाठी आणि नवीन ग्रिल बसवण्यासाठी केलेला. त्यात ठेकेदाराचं नाव, कामाचा कालावधी, नकाशा असे रकाने. कुंडीला कुठला ठेकेदार? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत आला. 'लागू नाही' लिहिलं, मग घेतला. पुन्हा परत, कारण फ्लॅट दोघांच्या नावावर आणि सही माझी एकटीची. जुलैत कमिटीची मीटिंग झालीच नाही, गणसंख्या भरली नाही. ऑगस्टमध्ये विचारायला गेले तर अर्ज सापडेना.

मी पोच घेतली नव्हती. ओळखीची माणसं, रोज जिन्यात भेटणारी, त्यांच्याकडे पोच काय मागायची असं वाटलं. मागा. आवक रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घ्या, मग समोर कुणीही असो. मला पुन्हा पहिल्यापासून सगळं भरावं लागलं. सप्टेंबरात वार्षिक सभेची धावपळ, ऑक्टोबरात "ग्रिलला वजन पेलेल का ते लिहून आणा". हे जूनमध्येच सांगितलं असतं तर? ग्रिल बसवणाऱ्याकडून तेवढ्या ओळी मी एका दुपारी लिहून आणल्या.

"एवढं काय ताई, फूलझाडच ना, पुढच्या महिन्यात बघू," असं सेक्रेटरीकाका दर वेळी म्हणायचे. पण झाडाचे महिने सारखे नसतात. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सरकून उगवतो, तेव्हा माझ्या ग्रिलमध्ये दोन तास ऊन येतं. हिवाळ्यात तो दक्षिणेकडून येतो आणि आमच्या इमारतीच्या पुढे आलेल्या भिंतीची सावली ग्रिलवर पडते, ऊन पाऊण तासावर येतं. परवानगी 17 नोव्हेंबरला मिळाली. चांगल्या उजेडाचे महिने आणि फुलांचा पावसाळा, दोन्ही कागदांत गेले.

तोवर आतल्या आत जमेल ते केलं. काच धुतली, सकाळी जाळी सरकवून ठेवली, कुंडी स्टुलावर चढवून चौकटीच्या उंचीला आणली, मागे पांढरा पुठ्ठा लावला. एवढ्याने आकडा दोन हजारांवरून साडेतीन हजारांपर्यंत गेला. पानांवरची धूळही ओल्या फडक्याने पुसा, जवळ बांधकाम असेल तर दर आठवड्याला. कोंब चपटे यायला लागले ते याच काळात.

परवानगी आल्यावर कुंडी तारेने ग्रिलला दोन ठिकाणी बांधली, खाली खोलगट ताटली ठेवली. एप्रिलपासून वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावली. उन्हाळ्यातच कुंडी बाहेर काढायची असेल तर रोज थोडा थोडा वेळ काढा, एकदम नको.

2024च्या जुलैत चार कळ्या आल्या. नीट फोटो यावा म्हणून मी कुंडी फिरवली आणि दोन गळाल्या. कळी दिसल्यावर कुंडीची दिशा बदलू नका. उरलेल्या दोन्हींनी एका संध्याकाळी माना वर उचलल्या. साडेआठपासून उमलत गेल्या आणि अकराला पूर्ण फुलल्या. दार उघडं ठेवलं होतं, वास जिन्यापर्यंत गेला. वरच्या आजी हळदकुंकू घेऊन खाली आल्या. आईला व्हिडिओ कॉल लावला, ती बराच वेळ नुसती बघत राहिली. पहाटे फुलं मिटून लोंबत होती.

त्या आजींना आता त्यांची तुळस ग्रिलमध्ये ठेवायची होती. त्यांचा फॉर्म मी भरला, ठेकेदारासमोर 'लागू नाही' लिहिलं, ग्रिलवाल्याचा कागद आणि माझ्या परवानगीची झेरॉक्स जोडली, आणि पोच घेतली. त्यांना अकराव्या दिवशी परवानगी मिळाली.