पौषवारी आणि एका चालीतली माणसे

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढीच्या मानाने या यात्रेचा बोलबाला कमी असला, तरी नाशिक जिल्ह्यातल्या वारकऱ्याला ही आपली घरची वारी वाटते. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतून आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातूनही दिंड्या पायी निघतात. निफाड तालुक्यातल्या एका गावच्या दिंडीत मी चाललो. आधी मनात भाव दाटतो आणि मग माणूस तसा वागतो, असे आपण सहसा धरून चालतो. त्या वाटेवर मात्र मला बहुतेक वेळा वागणे आधी आणि भाव मागाहून येताना दिसला, आणि कोण आपले, कोण परके हेही त्या वागण्यातूनच ठरत होते.

थंडीचेच पाहा. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पौषातली थंडी शत्रूसारखी असते. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून रात्री-अपरात्री उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. हीच माणसे दिंडीत पहाटे काकड्याआधी टँकरच्या गार पाण्याने अंघोळ करून, ओल्या केसांनीच गोपीचंदनाचा टिळा लावून रांगेत उभी राहत होती. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एका मावशींना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “घरी असते तर गोधडीतून तोंड बाहेर काढलं नसतं. इथं समदेच कुडकुडत्यात, मग काय वाटत न्हाई.” प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर गंगेकाठी राहणाऱ्या कल्पवासींवर भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातून जवळजवळ हेच पुढे आले होते. कल्पवासींना थंडी वाजत होती, अंग दुखत होते; पण आपल्यासारखेच सगळे ती सोसत आहेत या जाणिवेने त्या त्रासाचा अर्थ बदलत होता, आणि म्हणून तो सोसवत होता.

आमच्या दिंडीत एकाच भावकीतले दोन गृहस्थ होते. बांधावरून त्यांचे बिनसलेले, प्रकरण कोर्टात गेलेले. वाटेत ते एकमेकांशी बोलत नव्हते, पंगतीतही मध्ये चार माणसे सोडून बसत. दोघेही टाळकरी, आणि विणेकऱ्यांच्या पुढे दोन ओळींत समोरासमोर त्यांची जागा ठरलेली. “निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई” हे भजन सुरू झाले की दोन्ही ओळी पावली धरत, पुढे येत, मागे सरत, आणि त्या दोघांचे पाय एका ठेक्यावर पडत. भजन थांबल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तसे तेही पडत. मी ते जवळून पाहिले. धाकट्याने वाकून थोरल्याच्या पायांना हात लावून तो कपाळाला टेकवला, थोरल्याने लगेच वाकून तसेच केले, आणि दुसऱ्या क्षणी दोघांनी दोन दिशांना तोंडे फिरवली. चेहऱ्यावर जिव्हाळा नव्हता, पण तुच्छताही नव्हती. याला ढोंग म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरी राग मोकळा असतो. इथे त्या रागालाही रीत पाळावी लागत होती. सातपूरच्या चढावर धाकट्याच्या टाचेची कातडी फाटली, तेव्हा थोरल्याने पिशवीतून चिकटपट्टी काढून तिसऱ्याच्या हाती त्याच्याकडे पाठवली. हातात मात्र दिली नाही.

२००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तिघा-तिघांच्या काही गटांना एका पावलावर पाऊल टाकत चालवले आणि काहींना आपापल्या चालीने चालू दिले. पुढे खेळात एका पावलाने चाललेल्यांनी एकमेकांना अधिक साथ दिली. त्यांच्या प्रयोगांतून असेही दिसले की अशी साथ मिळण्यासाठी लोकांना आधी आनंद वाटलाच पाहिजे असे नाही. त्याही आधी, १९१२ मध्ये, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी मांडले होते की माणसे एकत्र जमून एकच कृती करू लागली की त्यांच्यात एक उमाळा संचारतो आणि त्या उमाळ्यातून त्यांना आपल्या समूहाची प्रचीती येते. दिंडीच्या रचनेत हे फार पूर्वीपासून मुरलेले आहे. कोणता अभंग केव्हा, विणेकरी कुठे, पताका कुठे, पंगतीत वाढायचे कोणी, हे सगळे ठरलेले असते आणि त्या ठरलेपणामुळेच भावनेला वाट मिळते.

औद्योगिक वसाहतीजवळ रात्रपाळी संपवून निघालेला एक परप्रांतीय कामगार रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा होता. एका टाळकऱ्याने काही न विचारता टाळांची जोडी त्याच्या हातात दिली. त्याला अभंग येत नव्हता, ठेका मात्र लगेच आला. तो महिरावणीपर्यंत चालला, आमच्यासोबत पिठलं-भाकरी जेवला आणि परत गेला. त्याचे नाव, गाव कोणी विचारले नाही.

तरीही हा आपलेपणा सर्वांसाठी नेहमीच उघडा होता, असे म्हणण्याचा अधिकार नाशिककराला नाही. आमचा एक मुक्काम पंचवटीत होता, काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. दार अडवून उभ्या राहिलेल्यांनाही आपापसांत एकीच वाटत असणार, रामाचे नाव घेताना त्यांचाही कंठ दाटत असणार. ज्या निवृत्तिनाथांकडे आम्ही निघालो होतो, त्यांना आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून समाजाने वाळीत टाकले होते, असे परंपरा सांगते. त्या रात्री हरिपाठाला बसलो असताना हे माझ्या मनातून जात नव्हते, आणि जाऊ नये असेच मला वाटते.

अंजनेरी मागे पडल्यावर ब्रह्मगिरी समोर उभा राहतो आणि रस्त्यावर दिंड्यांची दाटी होते. समाधी मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत आमची आणि दुसऱ्या तालुक्यातली एक दिंडी एकदमच पोहोचली. आधी कोणी जायचे यावरून आवाज चढले. वाटभर परक्याला टाळ देणारी आमची तरुण मुले खांद्याला खांदा लावून वाट अडवू लागली. ज्या ठेक्याने त्यांना एकत्र आणले होते, तोच आता त्यांना समोरच्यांविरुद्ध बळ देत होता. आमच्या विणेकरी बाबांनी वाद घातला नाही. ते वीणा सावरत पुढे झाले, समोरच्या विणेकऱ्यांच्या पाया पडले आणि बाजूच्या ओट्याला लागून उभे राहिले. विणा थांबली की दिंडी थांबते, त्यामुळे मुलांनाही थांबावे लागले. समोरच्या विणेकऱ्यांनी वाकून नमस्कार केला, बुक्का लावला आणि त्यांची दिंडी पुढे गेली. आम्हाला दर्शन बऱ्याच उशिरा झाले.

रात्री पंगतीत मुले अजून धुसफुसत होती. मान आपला होता, आपण आधी आलो होतो, असे त्यांचे म्हणणे. बाबा म्हणाले, “अरे, ते बी नाथांकडंच चालले होते ना?” मुलांना ते पटले नाही. पुढच्या वर्षी महिरावणीहून तासभर आधी निघायचे, असे त्यांनी तिथेच ठरवून टाकले.