सतराचं पीक

वहीत चार नंबरच्या नळीपुढे टिक नव्हती. शेवाळातला मेद मोजायला नळीत सतरा कार्बनांचं मानक (मोजून घेतलेलं मेदाम्ल) घातलं की मी लगेच टिक करतो. तिथं कोरं होतं. म्हणजे नळी वाया गेली. तरी ती यंत्रात लावून झाली होती, म्हणून आलेख उघडला, तर सतराच्या जागी पीक उभं. (आमच्या बोलीत पीक म्हणजे आलेखावरचा सुळका, शेताशी संबंध नाही.)

"घातलं असशील, टिक राहिली असेल," सहकारी म्हणाली. मलाही तेच सोयीचं वाटलं.

नमुने क्लोरेला या एकपेशीय शेवाळाचे होते. पेशींचा गोळा क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये ढवळायचा, हिरवागार अर्क सुकवायचा, मेदाम्लांचे मिथिल एस्टर (सहज वाफ होणारं रूप) करून गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे घटक वेगळे करून आलेख काढणाऱ्या यंत्राला, द्यायचे. मेद किती, हे कळायला सुरुवातीलाच मोजून सतरा कार्बनांचं मेदाम्ल घालतात. शेवाळं दोन-दोन कार्बन जोडत साखळी विणतं, त्यामुळे विषम सतरा त्याच्यात जवळपास नसतंच. बाकी प्रत्येक पीक या एका पिकाशी ताडून पाहायचं. तेच फुगलं तर सगळा हिशेब खाली येतो.

चैन पडेना. दुपारी मुद्दाम मानक न घालता नवी नळी केली. पीक पुन्हा तिथंच. मग मास स्पेक्ट्रोमीटरला दिलं, तो रेणू फोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजतो. सतराच्या संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) एस्टरचं वस्तुमान २८४, आणि त्याच्या तुकड्यांत ७४ चा सर्वांत उंच. इथं सर्वांत उंच ७९, आणि टोकाला बारीकसा २६४. सोळा कार्बन, तीन दुहेरी बंध! आमच्या ध्रुवीय कॉलमवर (यंत्रातली घटक वेगळे करणारी लांब नळी) दुहेरी बंध वाढले की एस्टर रेंगाळतो. हा नेमका सतराच्या पाठीशी येऊन चिकटला होता. यंत्राला तरी कसं कळावं? ओळख पटवायला वापरतो त्या ३७ एस्टरांच्या तयार मिश्रणात हे मेदाम्लच नाही.

मग खरी धडकी भरली. हे मेदाम्ल हरितलवकाच्या पटलांतल्या गॅलॅक्टोलिपिडांत (साखर जोडलेल्या मेदांत) असतं. भरपूर नायट्रोजन मिळालेल्या पेशींत ते खूप. उपासमार झाली की पेशी ती पटलं मोडते, ते घटतं, आणि सोळा-शून्य, अठरा-एक (आधी कार्बन, मग दुहेरी बंध) यांनी भरलेले तेलाचे थेंब साठतात. म्हणजे पोटभर खाल्लेल्या पेशींतच आमचं मानक फुगत होतं आणि त्यांचा मेद कमी दिसत होता. उपाशी पेशींत मेद तिप्पट झाला म्हणून आठवडाभर मिरवत होतो. दुरुस्ती केल्यावर दुपटीच्या आसपास आला.

सहकारी आलेख बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टिक विसरला नव्हतास तर."

आता पंधरा कार्बनांचं मानक वापरतो. जुन्या नळ्यांपैकी निम्म्यांतलं हेक्झेन (एस्टर ज्यात विरघळवतो ते द्रावक) उडून गेलंय. ती शेवाळं पुन्हा वाढवतोय.