रास्पबेरी पायला जीपीएस जोडताना मी सगळं उलट्या क्रमाने केलं

तर झालं असं की मागच्या दिवाळीच्या आसपास घरचा लॅपटॉप गेला, म्हणजे मदरबोर्डच गेला. सिल्व्हर मॉलमधल्या दुकानदाराने रिपेअरचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं राहू दे, घरी लेकीसाठी घेतलेला रास्पबेरी पाय ४०० पडलाच आहे, त्यावर भागवू. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा दिसायला नुसता कीबोर्ड, कॉम्प्युटर त्याच्या पोटात, ४ जीबी रॅम, मागून टीव्हीला वायर लावली की झालं. आई त्याला अजून टीव्हीचा टाइपरायटर म्हणते. विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि लिनक्ससुद्धा नेहमीच्या इंटेलच्या चिपवर नाही तर मोबाईलमध्ये असते तसल्या एआरएम चिपवर. म्हणजे जगापासून दोनदा वेगळा.

आणि नेमकं तेव्हाच मला जिओकॅशिंगचं खूळ लागलं.

जिओकॅशिंग म्हणजे मोठ्यांची लपाछपी. कुणीतरी डबा (त्याला म्हणतात कॅश) लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट म्हणजे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतो, बाकीच्यांनी जीपीएस घेऊन शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तसाच परत ठेवायचा. अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, त्याआधी साध्या माणसाला शंभरेक मीटरच्या चुकीवर समाधान मानावं लागायचं, आणि लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे कोऑर्डिनेट इंटरनेटवर टाकले. तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्या इंदूरकडे मॅप झूम केला तर ठिपके विरळच दिसतात, पण विरळ आहेत म्हणून तर हिंडायला मजा.

ही म्हणाली, "मोबाईल आहे ना हातात, त्यात होत नाही का?" होतं. अँड्रॉइडवर सी-जिओ आहे, ओपन सोर्स आहे, फुकट आहे, छान आहे. पण मे महिन्यात दुपारी माळरानावर मोबाईलच्या स्क्रीनवर काही दिसून तर दाखवा. पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्याला गेलं की ओल्या बोटांनी टचस्क्रीन भलतंच काहीतरी दाबतं, आणि बॅटरी संपली की घरी फोन करायचे पण वांधे. हातातला जीपीएस दोन पेन्सिल सेलवर चालतो, पडला तरी काही होत नाही, बटणं आहेत. मला ते पाहिजे होतं. खरं सांगायचं तर मला खेळणं पाहिजे होतं, बाकी सगळी कारणं नंतर शोधली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. मी आधी सॉफ्टवेअर शोधायला बसलो. जिथे वाचावं तिथे एकच नाव, जीसॅक, म्हणजे जिओकॅशिंगचा स्विस आर्मी नाइफ. सगळे जुने खेळाडू तेच वापरणार, त्यात डेटाबेस, फिल्टर, मॅक्रो, काय नाही ते विचारा. पण ते फक्त विंडोजवर. लिनक्सवाले म्हणतात वाइनमध्ये चालव. ठीक आहे, पण वाइन काही इंटेलची चिप बनून दाखवत नाही, ते फक्त विंडोजच्या हाका लिनक्सला समजावून सांगतं, प्रोग्रामचा मूळ कोड चालायला खाली चिप त्याच जातीची लागते. माझ्याकडे एआरएम. मध्ये बॉक्स८६ नावाचा दुभाष्या बसवता येतो म्हणे, मी तीन रविवार त्यात घातले, एकदा खिडकी उघडली सुद्धा आणि मी हिला ओरडून बोलावलं, ती हात पुसत येईपर्यंत बंद पडली. माझ्याच्याने जमलं नाही, कुणाला जमलं असेल तर नमस्कार आहे.

गार्मिन, म्हणजे हातातले जीपीएस बनवणारी कंपनी, तिची स्वतःची सॉफ्टवेअर, बेसकॅम्प आणि एक्सप्रेस, ती पण विंडोज आणि मॅकवालीच. म्हणजे तिकडूनही दरवाजा बंद.

मग मला एका मित्राच्या भावाने गार्मिनचाच एक जुना पिवळा हातातला जीपीएस, ईट्रेक्स, दिला, अमेरिकेहून कधीतरी आणलेला, कपाटात पडून होता. हा तो पहिला ईट्रेक्स, २००० सालचं मॉडेल, करड्या स्क्रीनचा, दिसायला इतका गोड की मी लगेच हो म्हटलं. आणि तिथून पुढे दीड महिना वायरीत गेला. याला यूएसबी नाही, सिरियल म्हणजे जुन्या पद्धतीचं पोर्ट आहे, आणि मागचा सॉकेट पण गार्मिनचा स्वतःचा, त्यामुळे त्याची वायर वेगळी, मग सिरियल ते यूएसबी कनव्हर्टर वेगळा. जेल रोडवर विचारायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "भिया, ये गाड़ी में लगाने वाला है क्या?" म्हटलं नाही, हातात धरायचं. "तो फिर मोबाइल ले लो ना." शेवटी कनव्हर्टर तिथे मिळाला, वायर ऑनलाइन.

लावला तर पायने कनव्हर्टर ओळखला, पण उघडू देईना, परमिशन नाही म्हणे. दोन संध्याकाळी यात गेल्या. कारण इतकंसं होतं की मी लेकीच्या अकाउंटमधून बसायचो, आणि ते अकाउंट डायलआउट नावाच्या ग्रुपमध्ये नव्हतं, सिरियल पोर्टला हात लावायचा तर त्या ग्रुपात असावं लागतं. ते केलं, मग मशीनच्या सेटिंगमध्ये इंटरफेस, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायची भाषा, गार्मिनवर ठेवला (एनएमईए नावाच्या दुसऱ्या भाषेवर होता), आणि मग जीपीएसबेबल नावाच्या प्रोग्रामने पहिला पॉइंट, म्हणजे एक जागा, पाठवला. पडद्यावर पॉइंट आला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

जीपीएसबेबल हे मात्र सोनं आहे. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायला लागते, दिसायला काहीच नाही, पण कुठल्याही मशीनची फाइल कुठल्याही दुसऱ्या प्रकारात करून देतं, आणि त्यातले फिल्टर तर कुणी वाचतच नाही. रेडियस फिल्टर आहे, त्याला मी इंदूरच्या राजवाड्याचे कोऑर्डिनेट देतो आणि ४० किलोमीटर सांगतो, की बाहेरच्या सगळ्या कॅशेस गाळल्या जातात. डुप्लिकेट काढायचा फिल्टर आहे. जीसॅकसाठी मी रडत होतो त्यातलं मला लागणारं ऐंशी टक्के काम या दोन फिल्टरमध्ये झालं. आणि पायवर ते ॲप्ट नावाच्या लिनक्सच्या कमांडने एका ओळीत इन्स्टॉल होतं, एआरएम-बीएआरएम काही विचारत नाही.

पण पिवळ्याचं रडगाणं संपलं नाही. त्यात पॉइंटचं नाव सहाच अक्षरांचं. जिओकॅशचा नंबर पूर्वी जीसी धरून सहा अक्षरांत मावायचा, आता सात लागतात, म्हणजे प्रत्येक नावाचं एक अक्षर छाटायचं, आणि शेजारशेजारच्या दोन कॅशेस एकसारख्या दिसायला लागल्या. डबा कुठे आहे त्याची हिंट, वर्णन, आधीच्या लोकांचे लॉग, यातलं काही मशीनमध्ये जात नाही, फक्त नाव आणि जागा. ते सगळं कागदावर उतरवून न्यायचं. शिवाय झाडाखाली गेलं की सिग्नल गुल. आणि तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची, कारण जीपीएस आठवडे मोजतो आणि १०२४ झाले की परत शून्यावर जातो, एप्रिल २०१९ मध्ये तो फेरा झाला आणि जुन्या मशीनना ते कुणी सांगितलंच नाही. जागा बरोबर दाखवतो, फक्त काळात हरवलाय. आमच्या घरातल्या काही नातेवाइकांसारखा.

शेवटी वैतागून मी उलटा विचार केला, जो आधीच करायला पाहिजे होता. सॉफ्टवेअर सोडा. अशी मशीन कुठली आहे जी कॉम्प्युटरला लावली की नुसत्या पेन ड्राइव्हसारखी दिसते? कारण पेन ड्राइव्ह उघडता येत नाही असा कॉम्प्युटर अजून तरी मी पाहिला नाही. पाय असो, कुणाचा जुना मॅक असो, फ्रीबीएसडी किंवा हायकूसारखी कुणी न ऐकलेली सिस्टिम असो, काय फरक पडतो.

आणि अशी मशीन आहेत. २०११ मध्ये ईट्रेक्स १०, २० आणि ३० आले, तेव्हापासून या मालिकेत हे सोपं झालं. मी सेकंड हँड २०एक्स, म्हणजे २० चीच पुढची आवृत्ती, घेतला. वायर लावली, गार्मिन नावाचा ड्राइव्ह दिसला, त्यात गार्मिन फोल्डर, त्याच्या आत जीपीएक्स फोल्डर, साइटवरून आलेली जीपीएक्स फाइल (जीपीएसच्या माहितीची असते ती) तिथे टाकली, संपलं. हिंट, वर्णन, लॉग, सगळं मशीनच्या आत. दीड महिन्याचं काम दीड मिनिटात. लेक म्हणाली, "बाबा, हे तर मलाही येतं." येणारच गं.

१० का नाही घेतला, तर तो स्वस्त आहे आणि कॅशिंग त्यावर पण होतं, पण त्यात कार्ड घालता येत नाही आणि वेगळा नकाशा टाकता येत नाही. आपल्याकडे नकाशा पाहिजेच, कारण बाण सांगतो सरळ जा आणि मध्ये असते दरी. चोरल, काजलीगढ, तिंछा या बाजूला फिरलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय. २०एक्स मध्ये मायक्रोएसडी कार्ड बसतं. ३०एक्स मध्ये वर कंपास आणि बॅरोमीटर आहे, उभ्या उभ्या दिशा कळते, २०एक्सला दिशा कळायला चालावं लागतं. पैसे असतील तर ३० घ्या, मला ही म्हणाली बस झालं आता.

घेताना एक बघा, ही सूचना नाही, जवळजवळ हात जोडून विनंती आहे. मॉडेलच्या नावापुढे इंग्रजी आय असेल, जसं जीपीएसमॅप ६६आय, किंवा इनरीच असं लिहिलेलं असेल, तर त्यात सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायची सोय असते, आणि भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट कम्युनिकेटर बाळगणं गुन्हा आहे. परदेशी ट्रेकर एअरपोर्टवर यात अडकलेले आहेत. अमेरिकेतून भाचा आणणार असेल तर त्याला मॉडेल नंबर अक्षर न अक्षर कळवा. साधा जीपीएस फक्त ऐकतो, बोलत नाही, तो सॅटेलाइट कम्युनिकेटर नव्हे. तरी महू कँटोनमेंटच्या आसपास हातात अँटेनावाली वस्तू घेऊन झुडपात वाकून काही शोधू नका, अक्कल म्हणून.

अजून एक, नवीन मशीनपैकी काही पेन ड्राइव्हसारखी न दिसता मोबाईलसारखी एमटीपी नावाच्या पद्धतीने जोडतात. लिनक्सवर ते चालतं, पण कधी चालतं कधी रुसतं. सेटिंगमध्ये मास स्टोरेज, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसायचं, असा पर्याय आहे का ते घेण्याआधी विचारा. दुकानदाराला हे माहीत नसतं, मॅन्युअल नेटवरून उतरवून वाचा.

नकाशा मी ओपनस्ट्रीटमॅपचा टाकला, लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा. बीबीबाइकच्या साइटवर चौकोन आखून दिला की गार्मिनच्या फॉरमॅटमध्ये तयार नकाशा उतरवता येतो, इंदूर ते ओंकारेश्वर एवढा चौकोन मला पुरला. नंतर हौस म्हणून एमकेजीमॅप वापरून घरी पण बनवला, तो प्रोग्राम जावामध्ये लिहिलेला आहे त्यामुळे पायवर आरामात चालतो. आराम म्हणजे, जिओफॅब्रिक नावाच्या साइटवरून अख्ख्या सेंट्रल झोनच्या नकाशाची फाइल घेतली होती, आधी स्प्लिटरने तुकडे करायला लागले कारण ४ जीबीत मावेना, रात्री लावून झोपलो, सकाळी पोहे खाताना बघितलं तर झालं होतं. घरी नकाशा बघायला आणि ट्रॅक, म्हणजे चाललेली वाट, तपासायला क्यूमॅपशॅक नावाचा प्रोग्राम आहे, सुरुवातीला त्याचं काही समजत नाही, आठवडाभराने त्याच्याशिवाय जमत नाही. व्हायकिंग पण आहे, हलकं आहे, पाय फार दमला असेल तर ते.

जिओकॅशिंगच्या साइटवर फुकट खात्यात एकेक कॅश बघायला लागते, पैसे भरले तर पॉकेट क्वेरी मिळते, एका झटक्यात १००० कॅशेसची झिप फाइल. आपल्या भागात १००० कुठून येणार, मी एका क्वेरीत मध्य प्रदेशाबाहेर पोचलो.

कोऑर्डिनेटचा घोळ सगळेच करतात, मीही केला. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं असतात. राजवाडा साधारण उत्तर २२ अंश ४३.१ मिनिटं, पूर्व ७५ अंश ५१.३ मिनिटं. मी पिवळ्यावर हाताने भरताना तेच २२.४३१ आणि ७५.५१३ असे सरळ दशांश अंश म्हणून भरले, कारण त्याचं सेटिंग तसं होतं. बाण नैर्ऋत्येला, अंतर ४७ किलोमीटर, म्हणजे मानपूरच्या पलीकडे कुठेतरी. आणि मी उभा कुठे, राजवाड्यासमोर. मिनिटाचा हजारावा भाग चुकला तर दोन मीटरसुद्धा फरक पडत नाही, पण फॉरमॅट चुकला की जिल्ह्याची हद्द.

नवीन मशीन घेऊन पहिल्यांदा निघालो तो दिवस तर सांगायलाच नको. रविवारी सकाळी सहाला उठून फाइल टाकली, उशीर होत होता म्हणून वायर तशीच उपटली, इजेक्ट कोण करत बसतं. राळामंडळच्या पुढे जाऊन मशीन चालू केलं, जिओकॅश उघडलं, यादी रिकामी. फाइलचं नाव होतं, आत काही नव्हतं, लिनक्स लिहायचं काम मागे ढकलून ठेवतं आणि मी त्याआधीच वायर काढलेली. हिने काही न बोलता पर्समधून स्वतःचा मोबाईल काढला, सी-जिओ उघडलं (हे तिने कधी टाकून घेतलं मला पत्ताच नाही), आणि आकडे वाचायला लागली. मी ते बटणांनी एकेक करून मशीनमध्ये भरले, ऊन चढत होतं, लेक दगडावर बसून चिवडा खात होती. भरून झाले तेव्हा हिने विचारलं, "मग आता या मोबाईलनेच जायचं का?" मी म्हटलं नाही, मशीननेच.

डबा लेकीला सापडला, दोन्हीकडे न बघता.