तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बीण आणि देवघर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जण आठ इंची दुर्बीण घेऊन गावोगावी आकाशदर्शन करतो. कार्यक्रम संपून मुलं पांगली की कुणीतरी मागे थांबतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, एवढं सगळं माहीत असूनही तुम्ही देव मानता?" अंधारात सामान आवरताना दिलेलं उत्तर अपुरंच राहतं. म्हणून आज सावकाश लिहिते.

माझं आकाश आजीपासून सुरू झालं. अंगणात बाजेवर पडल्यापडल्या तिने सप्तर्षी दाखवले. शेपटीतल्या तीन ताऱ्यांमधला मधला वसिष्ठ आणि त्याला बिलगून बारीकशी अरुंधती, लग्नात नवरीला दाखवतात ती. दिसली तसे आजीने मला हात जोडायला लावले.

पुढे भौतिकशास्त्र शिकले आणि त्याच ताऱ्याचा इतिहास वाचला. वसिष्ठ एकटा नाही, दुर्बिणीतून त्याचे दोन तारे दिसतात, हे 1617 साली बेनेदेत्तो कास्तेल्ली याने गॅलिलिओला कळवलं. कास्तेल्ली गॅलिलिओचा शिष्य होता, आणि ख्रिस्ती मठातला संन्यासीही. 1889 साली हार्वर्ड वेधशाळेतल्या पिकरिंग यांनी जाहीर केलं की त्या दोघांतला ठळक ताराही जोडताराच आहे. कुठल्याच दुर्बिणीतून तेव्हा ते दोन दिसत नव्हते. पण वर्णपटातली, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातली, कॅल्शियममुळे उमटणारी रेघ कधी दुहेरी व्हायची, कधी पुन्हा एक. म्हणजे दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते; एक आपल्याकडे येताना आणि दुसरा दूर जाताना त्यांच्या रेघा वेगळ्या व्हायच्या. साडेवीस दिवसांत एक फेरी. नंतर दुसरा ताराही जोडताराच ठरला. 2009 मध्ये तर अरुंधतीलाही एक मंद, तांबूस सोबती सापडला. आजीची जोडी सहा ताऱ्यांची निघाली!

जे कळत नाही तिथे देव, आणि कळत गेलं की त्याची जागा कमी होते, असं विचारणाऱ्याच्या मनात असतं. मी देवाला त्या उरलेल्या जागेत कधी शोधलंच नाही. मी थबकते ती त्या कॅल्शियमच्या रेघेपाशी. शाळेच्या प्रयोगशाळेतलं कॅल्शियम ज्या नियमाने वागतं, त्याच नियमाने ते 80 प्रकाशवर्षांवरही वागतं, बघायला कुणी असो वा नसो. आणि तो नियम भाकरी खाऊन जगणाऱ्या माणसाच्या बुद्धीला उमगतो. हे असं का असावं? मला इथे कुणाची तरी चाहूल लागते. तिला मी देव म्हणते.

हा पुरावा नाही, हे मला माहीत आहे. आमच्या गटात देव न मानणारे आहेत आणि शनीची कडी पहिल्यांदा पाहताना त्यांचेही डोळे भरून आले होते. त्यांचं आश्चर्य माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

माझी प्रार्थना मात्र बदलली. आजी आजारी पडली तेव्हा मी नवस बोलले होते. ती गेली, आणि काही वर्षं मी देवघराकडे पाठच फिरवली. परत आले ती मागायला नाही. तिचं लग्न 1944 सालचं. साधारण त्याच सुमारास वसिष्ठ-अरुंधतीवरून निघालेला प्रकाश आत्ता आपल्यापर्यंत पोचतो आहे. वैशाखातल्या एका रात्री हे लक्षात आलं आणि दुर्बिणीपाशी उभी असताना माझे हात आपोआप जुळले. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

आकाशदर्शनाहून घरी पोचेपर्यंत पहाट होते. हातपाय धुऊन मी देवापुढे निरांजन लावते. डोळे अजून अंधाराला सरावलेले असतात, त्यामुळे त्या एवढ्याशा वातीनेही देवघराचा कोपरान् कोपरा दिसतो, आजीच्या समईवरची काजळीसुद्धा.