उरीपोटी

मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातलं गाव. दिवाळी झाली की आमच्याकडचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. ज्या घरची ही गोष्ट तिथला लेकराचा बापबी गेलता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, पण बायको बाळंतीण म्हणून यंदा अर्धाच, आधी घेतलेली उचल मात्र फेडायचीच.

लेकरू जन्मल्यावर २१व्या दिवसाच्या भेटीला गेले. जन्मताना लेकरू १९०० ग्रॅम, काट्यावर घातलं तर १९२०. सुरवातीला वजन थोडं उतरतं ते धरलं तरी नंतर रोज वीस-पंचवीस ग्रॅम चढायला पाहिजे ना. पाय गार. आणि आई घरातच नाही, कापूस वेचायला! सासू म्हणे, "बसून कुटं भागतंय ताई, झोळीत निवांत झोपतंय की, रडतबी नाही." अहो रडायला जोर तर पाहिजे! झोळीशेजारी बाटली, त्यात पाणी घातलेलं गाईचं दूध.

एका पोराला रानात पिटाळून आईला बोलावलं आणि तिघींनी आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन काही नाही, पाजणं आणि ऊब कमी पडायलीय. सिस्टरनं लेकराला टोपी आणि लंगोट एवढंच ठेवलं, आईच्या उघड्या छातीशी उभं धरलं, वरून लुगडं बांधलं. ही कांगारू पद्धत, १९७८ला कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झालेली. अंग गरम ठेवायला लेकराची जी ताकद जाते ती वाचते, वाढीला लागते, आणि असं उरीपोटी असलं की दूधपण जास्त उतरतं. हळूहळू पाय गरम झाले. मग त्यानं डोळे उघडले. एवढ्या लेकराला वीत-दीड वीतभरच नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचं तोंड दिसतं तेवढं. "ताई, हे तर माझ्याकडंच बघायलंय!" म्हणलं बोल की त्याच्याशी. काय बोलू म्हणे. म्हणलं कापसाचा भाव सांग.

पण मजुरी बुडाली तर काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. आईनं असं करावं तसं करावं म्हणायला आम्ही सगळे पुढं. म्हणून मी सासूलाच धरलं. लेकरू असं छातीशी रोज निदान ८ तास तरी लागतं, तर थोडे दिवस वेचणी बंद, नंतर अर्धा दिवस, तेवढा वेळ मावशी तुम्ही बांधायचं, तिनं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं. बाटली बंद म्हणजे बंद. आधी लाजली, मग कुरकुरली.

२८व्या दिवशी २१०० भरलं. ४२व्या दिवशी गेले तर म्हातारी ओट्यावर, लेकरू छातीला बांधलेलं, शेजारणीला सांगायलीय, "आमच्या टायमाला असंच करायचे माय." बरं म्हणलं, द्या इकडं, वजन करू. अडीच किलोला टेकलं होतं.