टास्क मॅनेजरला न दिसणारी रांग

फोर्टमधल्या एका सीए फर्मचा फोन १८ तारखेला सकाळीच आला. जीएसटीचं ३बी, म्हणजे दरमहाचं विवरणपत्र, भरायची मुदत २० तारीख, आणि ऑफिसातले शंभरेक लोक ज्या रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करून, टॅली-एक्सेल चालवतात, ते चारही सर्व्हर रखडलेले. "मॅडम, रॅम वाढवा, प्रोसेसर वाढवा, पण आज करा," भागीदार म्हणाले. नव्या सर्व्हरचं कोटेशनही त्यांनी मागवून ठेवलं होतं.

मी आधी एका अकाउंटंट ताईंच्या शेजारी बसले. त्या जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा नोंदणी क्रमांक, टाकत होत्या. २७ पासूनची १५ अक्षरं टाइप करून त्यांचे हात थांबलेसुद्धा. पडद्यावर दोन आकडे आले, अडकले, मग उरलेली अक्षरं एकदम सांडली. "मी हल्ली पडद्याकडे बघतच नाही हो, टाकून मोकळी होते," ताई म्हणाल्या. ऐकून पोटात गोळा आला. यात चूक झाली तर कुणाचं तरी क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडकू शकतं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू फक्त ४० टक्के. सगळे इथेच गोंधळले होते. हे चारही सर्व्हर एकाच खऱ्या मशीनवर चालणारे आभासी सर्व्हर. खरं दुखणं त्यांना हार्डवेअर वाटून देणाऱ्या हायपरवायजरमधून दिसलं; विंडोजला आतून ते दिसत नाही. होस्टवर, म्हणजे त्या खऱ्या मशीनवर, प्रोसेसरचे कोअर ३२. आधीच्या माणसाने चारही सर्व्हरना प्रत्येकी २४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) वाटलेले, वर डेटाबेस वेगळाच. 'सीपीयू रेडी'च्या आलेखात दर २० सेकंदांच्या नोंदीमागे प्रत्येक व्हीसीपीयूचे साधारण ३००० मिलिसेकंद, म्हणजे १५ टक्के वेळ, काम हातात असूनही कोअरची वाट बघण्यात जात होता. ५ टक्क्यांच्या वर गेलं की माझे कान टवकारतात. त्यातच एका मशीनचे व्हीसीपीयू एकमेकांच्या फार पुढेमागे जाऊ नयेत म्हणून हायपरवायजर पुढे गेलेल्यांना थांबवतो. त्यामुळे मशीन जितकं रुंद, म्हणजे जितके जास्त व्हीसीपीयू, तितका खोळंबा जास्त. एका सॉकेटवर, म्हणजे एका प्रोसेसर चिपवर, कोअर १६, त्यामुळे २४ व्हीसीपीयूंचं मशीन दोन्ही सॉकेटवर पसरायचं आणि बरीचशी मेमरी पलीकडच्या सॉकेटकडून, म्हणजे हळू, आणायचं.

मेमरीतही तेच. प्रत्येकी १६० जीबी, चौघांचे ६४०, होस्टमध्ये ५१२. हायपरवायजरचा बलून ड्रायव्हर सर्व्हरना दिलेली मेमरी परत ओढत होता आणि विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवत (पेजिंग करत) होतं.

"म्हणजे प्रोसेसर कमी करायचे?" आयटी बघणाऱ्या मुलाचा चेहरा उतरला. मी त्याच्यासमोरच गणित मांडलं. मध्यम कामासाठी मायक्रोसॉफ्ट एका व्हीसीपीयूमागे ४ वापरकर्ते धरतं. एका सर्व्हरवर २५ माणसं, म्हणजे ७. आपण ८ देऊ. प्रत्येकाचं लॉगिन (सेशन) किती मेमरी खातं ते मोजलं, तर क्रोमसकट माणशी २ जीबीच्या आतच होते. विंडोज धरून ६४ जीबी पुरतात, आणि ते पूर्ण राखीव ठेवायचे. अशा अनेकांनी लॉगिन करायच्या (टर्मिनल) सर्व्हरची मेमरी राखीव ठेवण्यात कंजुषी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एका सर्व्हरवर नवी लॉगिन बंद केली, जेवणाच्या सुट्टीत तो रिकामा झाल्यावर बदल केला. त्यावर बसलेल्या ताईंची अक्षरं बोटांबरोबर उमटायला लागली. "मॅडम, माझ्याकडे पण करा ना," असं पलीकडच्या टेबलांवरून सुरू झालं. उरलेले तीन आणि डेटाबेस रात्री उरकले.

१९ तारखेला सकाळी दहाच्या लॉगिनच्या गर्दीतही रेडी २ टक्क्यांच्या आसपास होता. भागीदार कोटेशन रद्द करायला निघाले होते. मी म्हटलं, "सर, करू नका. चारही सर्व्हर एकाच होस्टवर आहेत. तो २० तारखेला बंद पडला तर काय कराल?" दुसरा होस्ट घ्यायचं ठरलं, पण याच नव्या मापाने.